एल्डन स्प्रॅगच्या नावाचा कायदा

गाडी हॅलमचा पूल उतरून महामार्गाला लागेपर्यंत कॉरिन ड्युबेनं तो कागद वाचला नव्हता. आमदार फर्नाल्डच्या कचेरीतून तो कालच आला होता. दोन पानं होती, विधिमंडळाच्या समितीपुढं उभं राहून वाचताना अडखळायला नको म्हणून मोठ्या टायपात छापलेली, आणि तिनं ती घडी घालून तशीच कोटाच्या खिशात ठेवली होती. आता तिनं ती उलगडली. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की मी, कॉरिन ड्युबे, बावीस वर्षं हॅलमच्या अ‍ॅम्ब्युलन्सवर पॅरामेडिक आहे, आणि गेल्या ऑक्टोबरात मला सक्तीनं ज्युरीवर बसवण्यात आलं. घासात खडा यावा तशी ती त्या एका शब्दापाशी थांबली. सक्तीनं. पुढचं सगळं खरं होतं. एल्डन स्प्रॅग हे नाव, एकाहत्तर हे वय, बुधवार, एक्केचाळीस मिनिटं, सगळं खरं होतं आणि त्या एका शब्दावर उभं होतं. शेजारी एल्डनची मुलगी वेंडी स्प्रॅग दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून गाडी चालवत होती. मार्च महिना, बर्फ वितळून रस्ता जागोजागी फुगलेला, आणि वेंडी प्रत्येक उंचवट्याआधी गाडी हळू करत होती, मागच्या सीटवर कुणी दुखणाईत निजलेलं असावं तशी. "वाचलंस?" तिनं विचारलं. कॉरिन हो म्हणाली. "बरं लिहिते ती फर्नाल्डच्या कचेरीतली मुलगी. माझंही तिनंच कापून दिलं. मी सात पानं लिहिली होती. म्हणाली, तीन मिनिटांत वडील बसवायचे तर कापावंच लागतं." वेंडी थोडंसं हसली आणि लगेच थांबली. कॉरिननं कागदाची घडी घातली. राजधानी ऑगस्टा अजून दोन तासांवर होती. दोन तासांत सांगता येईल, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग वाटेत एक पेट्रोलपंप गेला, मग बंद पडलेली एक करवतगिरणी गेली.

एल्डनला तिनं दोन वर्षांत नऊ वेळा त्याच्या घराच्या पायऱ्यांवरून खाली आणलं होतं. कागदगिरणीत चौतीस वर्षं घालवलेला माणूस, फुप्फुसं पार कामातून गेलेली, पण जिभेला धार. ऑक्सिजनचा मास्क चढवेपर्यंत बोलायचा आणि चढवल्यावर मास्कच्या आतून बोलायचा. "आलीस का पोरी? मागच्या वेळी चौकटीला पाय घासलास माझा. या वेळी तिरका काढ, कपाट काढतात तसा." ती म्हणायची, "कपाट गप्प बसतं, एल्डन." त्याचा श्वास कसा अडतो हे तिला पाठ झालं होतं. आधी मानेचे स्नायू ताठ होत, मग खांदे वर जात, मग तो बोलणं थांबवी, आणि त्यानं बोलणं थांबवलं की हाताशी जेमतेम दहाएक मिनिटं उरत. औषध कुठलं, मास्क किती घट्ट, कुठल्या कुशीवर, हे हॅलममध्ये फक्त तिलाच नेमकं ठाऊक होतं. लायललाही थोडं ठाऊक होतं, तिच्याबरोबर सहा वर्षं गाडीवर होता तो. पण लायलचं प्रशिक्षण गाडी चालवणं, मलमपट्टी आणि छाती दाबणं एवढंच. शिरेतून औषध द्यायची त्याला परवानगी नव्हती. ती गाडीवर नसेल तेव्हा दुसरा पॅरामेडिक शेजारच्या तालुक्यातून निघायचा, आणि शेजारचा तालुका पस्तीस मैलांवर होता.

हे सगळं तिला माहीत असताना ज्युरीवर हजर राहण्याचं कोर्टाचं समन्स आलं. आलं तेव्हा ती बशीत उरलेल्या गार बीन्स उभ्याउभ्याच खात होती आणि पाकीट फोडताना तिच्या छातीत जे हललं ते तिनं नंतर कितीदा तरी ताडून पाहिलं होतं. भीती नव्हती ती, वैतागही नव्हता. शाळेला अचानक सुट्टी जाहीर झाल्यावर पोटात हलकं होतं, तसं झालं होतं. या राज्यात डॉक्टरांना ज्युरीतून सूट होती, वकिलांना होती, शेरिफला होती. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना नव्हती. त्यांनी जायचं आणि न्यायाधीशापुढं अडचण सांगायची. अ‍ॅम्ब्युलन्सच्या ठाण्यातल्या साहेबांनी तर सूट मागणारं पत्रसुद्धा टाइप करून दिलं होतं, सहीसकट. लायल म्हणाला होता, "सोमवारी नऊला हे दाखव, दहाला परत ये. येताना डोनट आण." तिनं पत्र घेतलं होतं. ते तिच्या गाडीच्या खणात राहिलं, आणि ती आत जाऊन ओळीत बसली.

पन्नास माणसं होती त्या दालनात, आणि कुणालाच काही झालेलं नव्हतं. हे तिला प्रथम जाणवलं. पन्नास माणसं एकत्र बसलीत आणि कुणी विव्हळत नाही, कुणाचं तोंड पांढरं पडलेलं नाही, कुणी तिच्याकडं वळून 'काहीतरी करा' म्हणत नाही. उंच खिडक्यांतून ऊन येत होतं. न्यायाधीशबाई साठीच्या, आवाज कोमट दुधासारखा. त्या प्रत्येकानं भरलेला माहितीचा कागद बघून विचारत होत्या. एका दुग्धव्यवसायवाल्याला सोडलं, बाळंतपण जवळ आलेल्या एका मुलीला सोडलं. मग त्यांनी तिच्या कागदावरून नजर वर केली. "मिस ड्युबे, तुम्ही अ‍ॅम्ब्युलन्सवर आहात. तुम्ही इथं बसलात तर तिथं तुमच्या जागी कुणी आहे का? नसेल तर सांगा, मी आत्ता सोडते." कॉरिनला लायल आठवला, पस्तीस मैल आठवले, एप्रिलमध्ये तालुक्याचा कारभार पाहणाऱ्या काउंटी मंडळानं दुसरी गाडी बंद केल्यापासून एकच गाडी उरलीय हे आठवलं. त्याच क्षणी तिला आपल्या मांड्यांखालची खुर्ची जाणवली. लाकडी, पाठीला नीट टेकणारी, जागची न हलणारी. "होईल सोय," ती म्हणाली. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "नक्की?" ती म्हणाली, "हो."

खटला तांब्याच्या तारांचा होता. बंद गिरणीत शिरून एका माणसानं तारा कापून नेल्या होत्या. चार दिवस फक्त तारांबद्दल बोलणं. किती जाड, किती लांब, कुठल्या भिंतीतल्या. एक जण बोलत असताना दुसरा गप्प बसे. बाराच्या ठोक्याला जेवणाची सुट्टी, आणि जेवण गरम असताना संपवता येई. सोमवारी घरी जाऊन ती साडेआठला झोपली आणि सकाळी जागी झाली तेव्हा आपण कुठं आहोत हे तिला क्षणभर कळेना, इतकी ती गाढ झोपली होती. नवरा सोडून गेला त्या वर्षापासून, नव्हे, त्याच्या आधीपासून, ती अशी झोपली नव्हती. मंगळवारी आरशात तिला आपला चेहरा बरा वाटला. बुधवारी तिनं कानांत डूल घातले. बुधवारी सकाळी पावणेअकराला सरकारी वकील तारांच्या भेंडोळ्याचा फोटो ज्युरीसमोर धरून उभा होता आणि ती जिभेखाली पेपरमिंट विरघळवत त्या फोटोकडं मन लावून पाहत होती. त्याच वेळी लायल एका बाईला मोडलेल्या खुब्यासह इस्पितळात सोडायला गेला होता आणि एल्डनच्या घरून फोन आला होता. पेपरमिंट तिला अजून आठवत होतं. त्यानंतर तिनं ते कधी तोंडात टाकलं नाही. टाकलं असतं तरी काय बिघडणार होतं म्हणा, पण टाकलं नाही.

चारला फोन सुरू केला तर लायलचे सात निरोप. तिनं शेवटचा ऐकला. "एल्डन गेला, कॉरिन. आम्ही पोचलो तेव्हा ओठ निळे होते. शेजारच्या तालुक्याची गाडी एक्केचाळीस मिनिटांनी आली. तू... असो. उद्या बोलू." ती कोर्टाच्या वाहनतळावर उभी होती. मेपलची पानं गाडीच्या काचेवर चिकटली होती, ती तिनं एकेक करून काढली. गुरुवारी सकाळी न्यायाधीशबाईंना जाऊन सांगता आलं असतं की माझ्या गावात माणूस मेलाय, मला सोडा. तिच्या जागी बसायला राखीव ज्युरर होता. गुरुवारी सकाळी ती वेळेच्या दहा मिनिटं आधी आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. बुधवारचं ती कुणाला समजावू शकली असती. गुरुवारचं स्वतःलाही समजावता येत नव्हतं. दुपारी त्यांनी त्या माणसाला दोषी ठरवलं. तिनंही हात वर केला. चोरी त्यानं केली होती, यात शंका नव्हती.

"गरम होतंय का तुला?" वेंडीनं विचारलं. कॉरिननं कोटाची बटणं काढली होती हे तिच्या तिलाच कळलं नव्हतं. "हीटर कमी करते. बाबांना सवय होती ना, मी कायम वाढवूनच ठेवते." मग, रस्त्यावरची नजर न काढता, वेंडी म्हणाली, "मी त्या कोर्टाला शिव्या घालायचे, माहितीये? रोज. भांडी घासताना. म्हणजे चोराला पकडायला बारा माणसं हवीत, कबूल. पण त्यात तूच का? गावात एवढी रिकामटेकडी माणसं पडलीत. माझा भाऊच आहे एक." ती हसली नाही. "मग फर्नाल्ड म्हणाले, शिव्या देऊन काय होणार, कायदा करू. बाबांच्या नावानं. तेव्हापासून मला जरा झोप लागते." कॉरिननं तोंड उघडलं. झोप हा शब्द ऐकून ते पुन्हा मिटलं. दफनाच्या दिवशी वेंडीनं तिला मिठी मारून कानात म्हटलं होतं, 'तुला येऊ दिलं नाही त्यांनी.' तेव्हा कॉरिन काही बोलली नव्हती. गप्प राहायला तेव्हा एकच क्षण लागला होता. नंतर ते गप्प राहणं पाच महिने रोज नव्यानं करावं लागलं. वेंडीनं वर्तमानपत्राला सांगितलं, वर्तमानपत्रानं छापलं, फर्नाल्डनं कापून ठेवलं, आणि आता त्याला विधेयकाचा क्रमांक मिळाला होता, मथळा मिळाला होता.

समितीचं दालन तिला वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघालं. घोड्याच्या नालेच्या आकाराचं टेबल, मागं नऊ आमदार, काही जण पाण्याच्या बाटल्या उघडत, एक बाई फोनवर बोटं फिरवत. समोर बोलणाऱ्यासाठी माइक आणि छोटा दिवा, हिरवा असेतो बोलायचं, लाल झाला की थांबायचं. फर्नाल्ड गोल चेहऱ्याचा भला माणूस होता. त्यानं अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनाही ज्युरीतून सूट देणारं विधेयक मांडलं, एल्डनचा फोटो दाखवला, पाठिंब्याची पत्रं वाचली. अग्निशामक दलाचं होतं, परिचारिकांच्या संघटनेचं होतं, आणि एक होतं हॅलमच्या काउंटी मंडळाचं. मंडळाच्या पाचही सभासदांच्या सह्या. या दुर्घटनेनं आम्ही हादरलो आहोत आणि या कायद्याला आमचा एकमुखी पाठिंबा आहे. कॉरिन ताठ बसली. त्या पाचांपैकी प्रत्येकाला ती ओळखत होती. एकाच्या आईला तिनं गाडीत जगवलं होतं. एप्रिलच्या सभेत याच पाच हातांनी दुसरी गाडी बंद केली होती, आणि ऑक्टोबरात ती गाडी ठाण्यामागं ताडपत्रीखाली उभी होती, टायरमध्ये हवा असलेली. तिला आपली चूक नीट दिसली, तिच्या आकारासकट. त्या चुकीच्या मागं आणखी पाच माणसं आरामात उभी आहेत, हेही दिसलं.

तिचं नाव पुकारलं. माइकपाशी तिनं कागद उघडला आणि नाव, गाव, बावीस वर्षं हे वाचलं. मग ती थांबली. हिरवा दिवा शांतपणे जळत होता. "यापुढचं बरोबर नाही," ती म्हणाली. फोनवरची बोटं थांबली. "मला कुणी सक्ती केली नाही. न्यायाधीशांनी मला सरळ विचारलं होतं, तुमच्या जागी कुणी आहे का. नव्हतं. मी आहे म्हणाले." अध्यक्षांनी चष्मा काढला. "का म्हणालात, मॅडम?" हा प्रश्न तिनं गृहीत धरला नव्हता. खोटं सुचत होतं, तीनचार प्रकारचं. "मला बसायचं होतं," ती म्हणाली. मागच्या रांगेत कुणाचा तरी बूट फरशीवर घासला. तिनं वळून पाहिलं नाही. अध्यक्ष जपून बोलले, "म्हणजे तुमचा या विधेयकाला विरोध आहे, असं समजायचं का?" "नाही. करा तुम्ही हा कायदा. आम्हाला विचारत जाऊ नका. थकलेल्या माणसाला विचारलं तर तो काय सांगेल याचा भरवसा नाही. माझा तर नाहीच. पण एवढा कायदा करून उठू नका. हॅलमला दुसरी गाडी होती. ती चालू असती तर मी कोर्टात बसले काय आणि घरी झोपले काय, एल्डनकडं कुणीतरी वेळेत पोचलं असतं. ती गाडी ज्यांनी बंद केली, त्यांचं पत्र तुम्ही आत्ता वाचलंत." दिवा लाल झाला. "तो या समितीच्या अखत्यारीतला विषय नाही," अध्यक्ष म्हणाले, तेही मृदूपणे. "आपण आल्याबद्दल आभार. पुढचे साक्षीदार, मिस वेंडी स्प्रॅग."

वेंडी तिच्या अंगावरून पुढं गेली. कॉरिनला वाटलं, आता ही काहीही म्हणेल आणि ते आपल्याला ऐकावं लागेल. पण वेंडीनं माइक थोडा खाली ओढला आणि आपली दोन पानं वाचली. जशी होती तशी. वडिलांची गिरणी, वडिलांचं मासे पकडणं, वडिलांचे शेवटचे शब्द. ठाण्यातल्या एकमेव पॅरामेडिकला त्या दिवशी कोर्टानं सक्तीनं अडकवून ठेवलं होतं, हे वाक्यही तिनं वाचलं, एकही शब्द न बदलता, मान वर न करता. एकाही आमदारानं तिला मध्येच अडवलं नाही. चहाच्या सुट्टीआधी मत घेतलं. नऊ विरुद्ध शून्य. दालनाबाहेर फर्नाल्डनं कॉरिनचा दंड किंचित दाबला आणि म्हणाला, "धीर लागतो याला. पण आधी मला सांगायला हवं होतंत." मग फोटोसाठी त्यानं वेंडीला बोलावलं. कॉरिन खांबापाशी उभी राहिली. तिला बोलावणं आलं नाही.

परत जायला गाडी एकच होती. पहिले चाळीस मैल गेले. झाडांच्या बुंध्याशी उरलेला बर्फ काळा पडला होता. शेतात पाणी साचलं होतं. "सोमवारी किती वाजता विचारलं त्या न्यायाधीशांनी?" वेंडी म्हणाली. "सव्वादहाला असेल." "सोमवारी बाबा बरे होते. शेडमध्ये जाऊन गळ नीट करत बसले होते." एका उंचवट्याआधी तिनं गाडी हळू केली. "तू असतीस तर वाचले असते?" हा प्रश्न पाच महिने वाट पाहत होता. हो म्हटलं असतं तर स्वतःला शिक्षा केल्यासारखं झालं असतं, नाही म्हटलं असतं तर स्वतःला सोडल्यासारखं. दोन्हीपैकी काहीच खरं नव्हतं. "त्या बुधवारी कदाचित," कॉरिन म्हणाली. "त्यांचं पुढचं काही मी सांगू शकत नाही. तो हिवाळा निघाला असता असं मला वाटत नाही. पण त्या बुधवारी, कदाचित हो." "कदाचित," वेंडी म्हणाली. शब्द जड आहे का हलका, हे बघावं तसा तिनं तो आणखी एकदा उच्चारला. मग हॅलमच्या पुलानंतर तिनं गाडी ठाण्याकडं न नेता डावीकडं वळवली. "माझी ड्यूटी आहे सहाला," कॉरिन म्हणाली. "आईला अजून माहीत नाही. बातम्यांत ऐकेल ती. मी नाही सांगणार. तू सांग."

त्या पायऱ्या ती जड सामान घेऊन चढली होती, माणूस घेऊन उतरली होती. वेंडी गाडीपाशीच थांबली, आणि रिकाम्या हातांनी चढताना हातांचं काय करावं ते कॉरिनला कळेना. बर्निस स्प्रॅगनं दार उघडलं, हाताला पीठ होतं. "झाला का कायदा? ये, आत ये. गारठलीस की." स्वयंपाकघरात एल्डनची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती आणि तिच्यावर धुतलेल्या टॉवेलांची चळत होती. "मिसेस स्प्रॅग," कॉरिन म्हणाली, "मला काही सांगायचंय, आणि ते उभ्यानंच सांगते." तिनं सगळं सांगितलं. समितीपुढं सांगितलं होतं त्याहून जास्त, गुरुवारसकट. बर्निस ओट्याशी, तिच्याकडं पाठ करून ऐकत होती. मध्येच तिनं नळ बंद केला. सांगून झालं तरी ती वळली नाही, हाताचं पीठ बोटाबोटानं काढत राहिली.

"आम्हाला ठाऊक होतं तू कोर्टात आहेस ते," ती अखेर म्हणाली. "मंगळवारी दुकानाबाहेर लायल भेटला होता, तो बोलला. त्या बुधवारी एल्डनला दहापासूनच त्रास होत होता. मी फोन हातात घेतला तर म्हणाला, ठेव खाली. ती पोरगी नाहीये, आणि दुसरं कुणी आलं तर मला नुसतं नेऊन टाकतील. बसलीय बिचारी चार दिवस, बसू दे तिला. उद्या-परवा येईलच, तोवर मी काढतो. मी ऐकलं त्याचं. पाऊण तास मी इथंच, या ओट्याशी फोन घेऊन उभी होते, आणि तो मला बोटानं नको नको करत होता." ती वळली. तिचे डोळे कोरडे होते. "फोन मी उशिरा केला, कॉरिन. एक्केचाळीस मिनिटं तुमची, पण त्याआधीची पंचेचाळीस माझी आहेत. हे मी वेंडीला सांगितलेलं नाही."

कॉरिनला बर्निसच्या खांद्यावरून मागच्या दाराकडं पाहायचं नव्हतं, पण तिनं पाहिलं. वेंडी केव्हाच आत आलेली होती. चिखलानं माखलेला एक बूट काढून तिनं पायपुसण्यावर ठेवला होता आणि दुसऱ्या बुटाच्या नाडीवर हात ठेवून ती वाकून तशीच राहिली होती. आईनं तिला अजून पाहिलं नव्हतं. वेंडीनं नाडी सोडली नाही, आवळलीही नाही. ती कॉरिनकडं बघत होती.